रामीबाईचं उघडं राह्यलेलं रडणं

रामीबाई थकली होती, पण हा थकवा वयाचा नव्हे, असं तिचंच म्हणणं होतं. वयाचा थकवा गुडघ्यात येते, कमरेत येते. त्याले तेल चोळलं का सकाळपर्यंत उलीसा उतरते. हा थकवा गळ्याच्या खाली अन् छातीच्या वर, मधातच कुठंतरी येऊन बसला होता. भाकरीचा घास त्याच्या बाजूनं जाय, च्या जाय, पण तो काही जागचा हले ना. कारंज्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला अन् सारं साफ आहे म्हणून सांगितलं. तिचा बुढा धरमसिंग म्हणाला की मंग आता इंजन खोलूनच पाहा लागते.

माघाचा महिना होता. मानोऱ्याच्या पुढं फाट्यावरून आत गेलं का लागणारा हा तांडा दिवाळी झाली म्हणजे ऊसतोडीले निघून जाते अन् होळीच्या आगंमागं परत येते. मधल्या दिवसात दारादाराले कुलपं. मागं उरतात बुढे, बुढ्या अन् बकऱ्या. रामीबाईचा पोरगा अन् सून टोळीसंगं गेलेले होते. ती स्वतः किती हंगाम गेली, याचा हिशोब तिनं कधी ठेवला नाही. एके वर्षी हात खांद्याच्या वर जाईना झाला, म्हणून कोयता सुटला. मन भरलं म्हणून सुटला नाही.

पण तांड्यात तिले उसासाठी कोणी ओळखत नव्हतं. तिची ओळख रडण्याची होती.

बंजाऱ्यात नवरी सासरी निघताना रडत रडत गाते, त्याले ढावलो म्हणतात. आता नवरीले काय येते ढावलो? बापाच्या गळ्यात पडून काय म्हणायचं, भावाले कोणता टोमणा मारायचा, मायच्या अंगणाले कोणत्या तोंडानं राम राम करायचा, हे सारं शिकवा लागते. शिकवणारी रामीबाई. लग्न ठरलं का पोरगी सांजच्याले तिच्या ओट्यावर येऊन बसे. पहिल्यानं साऱ्याच पोरी हासत. रामीबाई त्याईले हासू दे. मंग एखाद्या दिवशी पोरगी हासता हासताच मधात थांबे अन् खाली पाहे. तवा रामीबाई म्हणे, "आता आलं. उद्यापासून गळा लाव." निरोपाच्या दिवशी पहिला सूर तिचा. तिनं उचलला का नवरी, मंग नवरीची माय, मंग सारा तांडा. आवाज काही गोड नव्हता तिचा. बिनतेलाच्या आखावर गाडी चालावी, तसा तो करकरत लांबत जाय. पण ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली होय.

या रडण्याचा एक नेम होता. रडणारी आपल्या मनानं थांबत नाही. तिले दुसऱ्या बाईनं उगी करा लागते. डोक्यावर हात ठेवायचा, "उगी राय व, झालं" म्हणायचं अन् पाण्याचा गडवा पुढं करायचा. रडणारीनं चूळ भरायची, तोंडावर पाणी मारायचं, एक घोट प्यायचा. तेवढं झालं का रडणं मिटलं. नाही झालं, तर ते उघडं राह्यते. अन् उघडं राह्यलेलं रडणं म्हणजे उघडं राह्यलेलं दूध, असं जुन्या बाया म्हणत. त्यात काय येऊन पडन, सांगता येत नाही.

रामीबाईले उगी करणारी बाई ठरलेली होती. रुपाबाई. दोन घरं टाकून राहे. दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या तांड्यात आल्या, तवापासून ही रडे अन् ती उगी करे. रुपाबाईचा हात जड होता अन् तोंड त्याहून जड. "पुरे व आता, नवरदेव बुढा होऊन राह्यला," असं काहीतरी बोलून ती गडवा पुढं करे अन् रडता रडता बायाईले हासू फुटे.

त्या रुपाबाईसंगं रामीबाईचं बोलणं बंद होतं.

झालं असं होतं. दोन उन्हाळ्यामागं रुपाबाईच्या नातीचं, सपनाचं लग्न निघालं. सपना रोज सांजच्याले येऊन मन लावून शिकली. गळा चांगला होता पोरीचा. निरोपाच्या वक्ताले गाडी दारात येऊन लागली, पण रुपाबाईच्या पोरानं डीजे आणला होता अन् नाचणाऱ्या पोट्ट्याईचं गाणं अर्ध्यावर होतं. रामीबाई नवरीजवळ बसली. तोंड उघडलं, सूर उचलला. तिचा सूर तिलेच ऐकू येईना. नुसते छातीवर ठोके बसून राह्यले होते. नवरीनं कोणाच्या गळ्यात पडायचं ते पडून घेतलं, गाडीत बसली अन् काच वर गेली. रामीबाईनं रुपाबाईकडं पाह्यलं, का ही तरी म्हणन, बंद करा रे ते. रुपाबाई म्हणाली, "राहू दे व रामी. आता कोण ऐकते?"

एवढंच. ना शिवी, ना भांडण. पण रामीबाई मांडवातून उठून घरी आली, ती आलीच. त्या दिवसापासून रुपाबाई नळावर दिसली का हिची घागर घरीच राहे.

सूर मातर गळ्यात अडकून राह्यला होता. तिचा नातू करण तवा लग्नासाठी पुण्याहून आलेला होता. तो मोबाईलच्या टॉवरवर चढायचं काम करे. आपली दादी गोठ्याजवळ तोंड पाडून बसलेली पाहून तो जवळ आला अन् म्हणाला, का दादी, मोबाईलात म्हण, मी ठेवतो. रामीबाईनं आधी नाही म्हटलं. बिनकारणाचं रडू नये. मंग तिच्या मनात आलं, कारण तर झालंच आहे, पोरगी गेलीच आहे. तिनं बकऱ्याईपुढं बसून सपनाचा सारा ढावलो लावला. करण मोबाईल धरून उकिडवा बसला होता. ढावलो सरे ना, कारण उगी करणारी मांडवात होती. शेवटी फाट्याकडून एसटीचा आवाज आला. करणनं मोबाईल खिशात घातला, पाया पडला अन् पळाला. रामीबाई तशीच रडत बसली. बकरीनं पदराचं टोक चावायले घेतलं, तवा तिचा आवाज बंद पडला. पाणी कोणी दिलं नाही.

हा थकवा तेव्हाचा, असं तिचं म्हणणं. धरमसिंग म्हणे, मले तर जन्मापासूनच हाये, माह्या वक्ताले कोणाचं रडणं उघडं राह्यलं होतं?

तर माघातल्या त्या दुपारी करण अचानक आला. ना सण, ना लग्न. पाठीवर एक थैली अन् हातात काळा डबा. पोट्टा वाळला होता, डोळे आत गेले होते. रामीबाईनं भाकर पुढं ठेवली, त्यानं अर्धीच खाल्ली. मंग म्हणाला की एक गोष्ट विचारायची होती, फोनवर विचारायची नव्हती.

गोष्ट अशी होती. पुण्यात त्याची अन् आणखी तिघाईची एक वाजवणारी पार्टी होती. टॉवरचं काम सरलं का चौघं एका गॅरेजच्या मागल्या खोलीत वाजवत. त्याईचा पहिला अल्बम तयार झाला होता. गाण्याचा प्रकार मेटल. मेटलमधला डेथ मेटल. अन् त्याच्यातलाही ब्रुटल, म्हणजे एकदम राक्षसी. त्यातही याईनं आपल्या मनाचे प्रयोग केले होते.

"डेथ म्हंजे मयत न?" धरमसिंगनं बाजेवरूनच विचारलं.

करण हो म्हणाला.

"मंग मयतीत वाजवता का?"

नाही म्हणाला. लग्नात? लग्नातही नाही. मंग कुठी वाजवता, तर म्हणे एका हॉटेलच्या तळघरात एकदा वाजवलं होतं. लोकं आले होते का? आले होते, ओळखीचेच होते. धरमसिंगनं मान हलवली अन् बाजेवर कूस बदलली, का या धंद्यातलं आपल्याले काही समजत नाही.

अल्बमच्या शेवटच्या गाण्यात करणनं दादीचं रडणं टाकलं होतं. न विचारता. बाकीच्या तिघाईचं म्हणणं होतं, विचारायचं काय त्यात, तुह्याच घरचा आवाज आहे. पण जसजशी अल्बम बाहेर काढायची तारीख जवळ आली, तसतशी याची झोप उडत गेली. काय चुकलं ते समजे ना, पण काहीतरी चुकलं आहे हे समजे. म्हणून आला होता. दादी नाही म्हणाली तर ते काढून टाकायचं. मंग शेवटचं गाणं पोकळ होईन अन् ते तिघं त्याच्यासंगं बोलणार नाही, पण ते त्याचं तो पाहीन.

रामीबाई सुपात तूर निवडून राह्यली होती. हात न थांबवता म्हणाली, "लाव माह्यंवालं."

"दादी, एकट्यानं नाही समजत ते. आधीपासून आयकलं तर त्याले अर्थ येते."

रडण्यातही मधातून कोणी शिरत नाही, अन् मधातून उठतही नाही. तिनं सूप मांडीवर नीट केलं अन् म्हणाली लाव.

करणनं डबा ओट्यावर ठेवला अन् मोबाईलावर बोट दाबलं.

पहिल्या ठोक्याले कोंबड्या तुराट्याच्या गंजीमागं गेल्या. दुसऱ्याले बकरीनं दाव्याले असा हिसका दिला का खुंटी वाकली. धरमसिंग बाजेवर उठून बसला अन् इकडंतिकडं पाहून त्यानं विचारलं, कोणाच्या वावरात बोअर लागली का. टिनावर गारा पडाव्या तशी ढोलकी होती, फक्त गारा कधीतरी थांबतात. त्याच्या खालून काहीतरी घासत, फरफटत चाललं होतं. करण म्हणाला ते गिटार आहे. रामीबाईनं गिटार टीव्हीत पाह्यलं होतं, ते असं नव्हतं. अन् मंग आवाज आला. माणसाचा म्हणावं तर माणसाचा नाही. म्हैस अडली का आतून जसा हुंकार काढते, तसा. मधातच डुकराच्या मागं कुत्रे लागल्यासारखं केकाटणं.

"हे कोण?" तिनं विचारलं.

करण खाली पाहत म्हणाला, "मी."

रामीबाईचा हात सुपात थांबला. पोट्ट्याचा गळा तिनं पाह्यला. बारीक, हाडं दिसणारा. एवढ्याशा गळ्यातून हे निघते तर आत काय उरत असन? कोणावर कोपला होता का, म्हणून विचारलं, तर म्हणे कोणावरच नाही. मंग दुखते का गळा? नाही म्हणे, पोटातून काढा लागते, शिकलो. रामीबाईले हे पटलं. पोटातूनच काढा लागते, तीही पोरीईले तेच सांगे.

दुसरं गाणं लागलं. ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. त्यात ठेका धरावा म्हटलं तर ठेका मोडे. दोनदा एकासारखं काही येईल म्हणून वाट पाहावी, तर तिसरंच येई. फुटलेल्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमधे बसल्यासारखं झालं तिले. कोणता दचका कोणत्या चाकाखालून येईन, सांगता येत नाही, म्हणून सारं अंग धरून बसा लागते. थकलेल्या जिवाले हेच जड गेलं. आवाजाचं काही नाही. टोळीवर असताना जनरेटरच्या बाजूले झोप लागे तिले. पण हा आवाज झोपूही देत नव्हता अन् जागंही राहू देत नव्हता.

तरी ती बसली. एका गाण्यात साऱ्या गोंधळाच्या मधात खट्, खट्, सर्र असं चालू झालं. रामीबाईचा हात आपोआप खांद्यापर्यंत गेला. कोयता होता. करण म्हणाला, मागच्या हंगामात मायबापाले भेटायले टोळीवर गेलो होतो, तवा हा आवाज उसाच्या फडातच घेतला. उसाच्या वाढ्यानं मोळी बांधायच्या वक्ताले होते तसं रामीबाईच्या पाठीत दुखून आलं.

तूर निवडून झाली. निवडलेली तूर तिनं पुन्हा निवडली. ऊन ओट्याच्या पायरीवरून उतरून अंगणात गेलं. धरमसिंग कानावर गमछा बांधून पडला होता. करण गुडघ्याभोवती हात घालून बसला होता अन् दर गाण्याले आजीच्या तोंडाकडं चोरून पाहे. तिच्या तोंडावर काही नव्हतं. फक्त डोळ्याखालची थकव्याची वळी आणखी खाली आली होती.

मंग शेवटचं गाणं आलं. ते साऱ्यात राक्षसी होतं. डबा ओट्यावर थरथरत सरकू लागला, करणनं त्याले पायानं अडवलं. आता काहीतरी फुटते, असं वाटलं, अन् सारं एकदम बंद.

डबा बिघडला, असं रामीबाईले वाटलं.

त्या शांततेत कोणीतरी बाई रडू लागली. करकरत, लांबवत. एकटीच. ना ढोल, ना गिटार, ना त्या म्हशीचा हुंकार. रामीबाईले पहिल्यानं तो आवाज आपला म्हणून समजलाच नाही. बाई थकलेली आहे, एवढं समजलं. मंग सपनाच्या भावाचं नाव आलं, मायच्या अंगणाचा राम राम आला. पाठीमागं बकरीचं बें आलं, तवा समजलं. सपनाच्या मांडवात हिच्यासाठी कोणी काही बंद केलं नव्हतं. इथं पोट्ट्यानं सारं थांबवलं होतं.

हळूहळू खालून तो गोंधळ पुन्हा चढत आला. तिचा आवाज तुटे, पुन्हा येई, पुन्हा तुटे. अन् एका ठिकाणी, श्वास घ्यायच्या आधीच, खट्कन सारं संपलं.

रामीबाई वाट पाहत राह्यली.

"अन् मंग?"

"सरलं," करण म्हणाला.

"सरलं कसं? थे बाई तं रडूनच राह्यली."

करणनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तसंच ठेवलं आहे, मुद्दाम. शेवट उघडा ठेवला म्हणजे ऐकणारा लटकून राह्यते, त्याले घरी गेल्यावरही सुटत नाही. या गाण्यात तीच तर खरी गोष्ट आहे.

"आयकणारा लटकते का मी लटकतो?" रामीबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोन वर्सं झाले, म्या म्हणतो मले काय झालं, काय झालं. तठी डब्यात बसून रडून राह्यली न मी. तू पाणीही नाही पाजलं. एसटी आली अन् पयाला."

करणच्या तोंडाचं पाणी पळालं. काय चुकलं ते त्याले आता समजलं. तांड्यातला पोट्टा, असे ढावले पाहत वाढला. उगी केल्याशिवाय उठू नये, हे त्याले कोणी सांगायची गरज नव्हती. पुण्यात जाऊन ते विसरला असं म्हणावं, तर मोबाईल धरला तवा तो तांड्यातच होता. तो म्हणाला काढून टाकतो दादी, आत्ताच्या आत्ता फोन करतो.

"काढून कुठी ठेवशीन? मोबाईलातच न? तठीही रडनच."

"मंग मीच उगी करतो. पाणी आणतो."

"ज्यानं रडवलं त्याच्या हातानं मिटत नाही थे." मंग बराच वेळ ती सुपातली तूर इकडून तिकडं करत राह्यली. शेवटी कोणाकडंही न पाहता म्हणाली, "तिले बलाव. अन् म्या बलावलं म्हणून सांगू नोको."

ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

रुपाबाईले बोलवायले काही लागलंच नाही. ती आपल्या दारात उभीच होती. अल्बमचं पहिलं गाणं लागलं तवापासून ती दारात होती, असं नंतर धरमसिंग म्हणाला. करणच्या मागं मागं ती आली, ओट्याच्या खालीच उभी राह्यली अन् बोलली ते धरमसिंगसंगं.

"काय भाऊजी, घरात म्हशीचा हेल्या कापून राह्यले का? बायको तं बरी हाये न तुमची?"

धरमसिंगनं कानावरचा गमछा सोडला. "नातवाचं गाणं हाये, रुपाबाई. मयतीचं. पण मयतीत वाजवत नाही म्हणते."

"हो का. म्या म्हटलं कोणी मेलंच."

रामीबाई सुपाकडं पाहत होती. करणनं रुपाबाईले हात धरून ओट्यावर बसवलं अन् शेवटचं गाणं पुन्हा लावलं. रुपाबाईनं दोन्ही कानात बोटं घातली. पोट्ट्याले अन् पोट्ट्याच्या बापाले, डबा बनवणाऱ्याले, ज्याले ज्याले देता येईन त्याले शिव्या देऊन झाल्या. मंग सारं थांबलं. तिची बोटं कानातच होती, पण ओठ थांबले. तिनं एक बोट काढलं. मंग दुसरं.

सपनाच्या भावाचं नाव आलं तवा ती रामीबाईकडं वळली. दोन वर्षात पहिल्यांदा.

"हे कवा रडली व तू?"

करणनं सांगितलं, त्याच दिवशी, गोठ्याजवळ.

डब्यात रामीबाई रडत होती. रुपाबाईनं पदरानं नाक पुसलं अन् म्हणाली, "मले वाटलं पोरगी कोरडीच गेली."

खालून तो गोंधळ पुन्हा चढू लागला. रुपाबाई उठली. विचारपूस न करता रामीबाईच्या घरात शिरली. रांजण कुठं, गडवा कोणत्या फळीवर, हे तिले सांगा लागलं नाही. भरलेला गडवा घेऊन बाहेर आली तवा डब्यातला आवाज खट्कन तुटलेला होता. तिनं आपला जड हात रामीबाईच्या डोक्यावर ठेवला. रामीबाईच्या डोळ्यात पाणी नव्हतं. तोंड वाळल्या तुराट्यासारखं होतं.

"उगी राय व, झालं," रुपाबाई म्हणाली. "दोन वर्सं रडून राह्यली. गळा हाये का बोअरची मोटर? घे, पाणी घे."

रामीबाईनं गडवा घेतला. चूळ भरली, ओट्याच्या खाली टाकली. तोंडावर पाणी मारलं. एक घोट घेतला. घोट नेहमीसारखा त्या थकव्याच्या बाजूनं गेला का त्याले घेऊन गेला, हे तिले लगेच समजलं नाही. तिनं आणखी एक घेतला. गडवा खाली ठेवला.

"च्या मांडतं का कोणी," रुपाबाई म्हणाली, "का नुसतं हेल्याचं गाणं आयकवूनच वाटेले लावता?"

करणले हा आवाज घ्यायचं उशिरा सुचलं. हातात मोबाईल होता, पण तो चालू करायचं त्याच्या ध्यानात आलं ते चुळीच्या वक्ताले. डोक्यावरचा हात, उगी राय, सारं निसटलं होतं. आवाज आले ते चूळ थुंकल्याचे, घोटाचे, गडवा टेकवल्याचे अन् च्या मागितल्याचे. तो काकुळतीले आला. म्हणाला, दादी, रुपादादी, पुन्हा एक वेळ करा न, उलीसंच, मी नीट घेतो.

"नाही," रामीबाई म्हणाली. "उगी केलेल्या बाईले पुन्हा रडवत नसतात. अन् न रडलेल्या बाईले उगी करत नसतात. भेटलं तेवढं लाव."

"मंग मी नेऊ?"

"आता ने."

रुपाबाईले त्यात आपला आवाज पुण्याले जाणार म्हणून समजलं, तवा ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तं जरा बऱ्या तोंडानं बोलली असती. च्या झाला. लग्नाची गोष्ट कोणी काढली नाही, डीजेची तर नाहीच. बकरीचं दावं नवं घ्या लागते, यावर दोघी बराच वेळ बोलल्या. करण निघाला तवा रुपाबाईनं त्याच्या गळ्याले हात लावून पाह्यला अन् म्हणाली, रात्री हळद-दूध घेत जाय बापा, अडलेल्या म्हशीलेही एवढं जड जात नाही.

तो गेल्यावर रामीबाई ओट्यावरच, भिंतीले टेकून झोपली. मांडीवर सूप तसंच. कोंबड्या परत आल्या, सुपातली दोनदा निवडलेली तूर टिपू लागल्या. धरमसिंगले वाटलं हिले उठवावं. मंग त्यानं गमछा हलवून कोंबड्या हाकलल्या, न ओरडता.

होळीच्या आधी करणचा फोन आला. अल्बम बाहेर निघाला होता. ऐकणारे थोडे होते, पण दूरदूरचे होते. कोण्या देशातल्या एका माणसानं त्याच्यावर लांबलचक लिहिलं होतं. ऐकायले भलता कठीण अल्बम आहे, असं म्हणे, जीव थकून जाते, पण असं कोणी केलं नाही. फक्त शेवट बिघडवला, म्हणे. एवढा भयानक आवाज अर्ध्यात तुटतो, अंगावर काटा येते, अन् त्याच्यावर हे कायचे चुळीचे अन् भांड्याचे आवाज? सारा धाक गेला. पार्टीतले तिघंही आता तेच म्हणून राह्यले. करणनं विचारलं, "काढू का दादी? अजूनही काढता येते."

"काय म्हणते थो माणूस? जीव थकते?"

"हो."

"त्याले म्हण, पाणी पे."

तिनं फोन धरमसिंगच्या हातात दिला. उठायले गेली, तर भिंतीचा आधार घ्या लागला. ती तशीच वाकून उभी राह्यली, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर.

"तेलाची शिशी कुठी ठेवली?" तिनं विचारलं.